अस्सल बरहुकूम नक्कल

छायाचित्रणाच्या साधनांचा इतिहास बहुधा प्रगतीचा इतिहास म्हणूनच लिहिला जातो. प्रत्येक पिढीची लेन्स मागच्या पिढीपेक्षा अधिक रेखीव, अधिक प्रकाशग्राही आणि अधिक निर्दोष झाली, अशी चढती कमान त्यात रेखलेली असते, आणि शास्त्राच्या दृष्टीने ती बव्हंशी खरीही असते. परंतु रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या उपासकांमध्ये गेल्या पाव शतकात जी एक आवड खोल रुजली आहे, ती या कमानीच्या उलट दिशेने चालणारी आहे. पन्नास, साठ, क्वचित ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी बंद पडलेल्या लेन्सची प्रतिकृती आज नव्याने घडविली जाते, ती मोजक्या संख्येत काढली जाते, आणि ज्या दोषांच्या निर्मूलनासाठी भिंगशास्त्रज्ञांच्या पिढ्या खपल्या, ते दोष तिच्यात जसेच्या तसे उतरले आहेत की नाहीत याची परीक्षा करून संग्राहक ती पदरी बाळगतात. या प्रतिकृतींचे कूळ शोधू लागले म्हणजे ध्यानात येते की रेंजफाइंडरच्या जगात नक्कल ही अलीकडची हौस नव्हे. तिचे घराणे जवळजवळ अस्सलाइतकेच जुने आहे.

या घराण्याचा मूळपुरुष जर्मनीतील वेट्झलार गावी, अर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात जन्मला. तेथील यंत्रज्ञ ऑस्कर बारनाक यांनी चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चालणारा जो छोटा कॅमेरा पहिल्या महायुद्धापूर्वीच सिद्ध केला होता, तो लायका या नावाने १९२५ साली लाइपझिगच्या वसंतकालीन जत्रेत लोकांपुढे आला; त्याच्या लेन्सचे गणित माक्स बेरेक यांचे होते. ती पहिली लेन्स कॅमेऱ्याला कायमची जडलेली होती. १९३० मध्ये ती आट्यांवर फिरवून काढता-घालता येऊ लागली, तरी आरंभी प्रत्येक लेन्स एका ठरावीक कॅमेऱ्याशीच जुळवून दिली जाई, आणि दुसऱ्या कॅमेऱ्यावर ती बसली तरी तिचा फोकस बिनचूक येईल याची हमी नसे. १९३१ मध्ये लाइट्झने लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर असे मुक्रर केले आणि त्या मापाबरहुकूम बनविलेल्या कॅमेऱ्यांच्या कड्यावर शून्याची खूण कोरली. ३९ मिलिमीटर व्यास, इंचाला २६ आटे आणि हे अंतर, एवढ्या तीन मापांत ज्याला लेन्स बसविता येईल त्या कोणत्याही मुलखातल्या कारागिराला लायकाचे दार उघडे झाले. पुढील सर्व नकलांची सनद त्या शून्यात आहे, असे मला वाटते.

त्या सनदेत १९३२ साली आणखी एक कलम वाढले. त्या वर्षीच्या दुसऱ्या लायकात अंतरमापक, म्हणजेच रेंजफाइंडर, थेट लेन्सशी जोडला गेला: लेन्स फिरविली की तिच्या मागील पितळी कड मागेपुढे सरकते, कॅमेऱ्यातील एका तरफेचे चाक त्या कडेवर टेकून तितकेच हलते, आणि नेत्रिकेतील दोन प्रतिमा एकमेकींवर आल्या की विषय फोकसमध्ये आला. ही तरफ ५१.६ मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्सची चाल गृहीत धरून बसविलेली असल्यामुळे लेन्स ३५ मिलिमीटरची असो वा ९०ची, तिच्या मागील कडेला आपली चाल त्या एका चालीत भाषांतरित करून सांगावी लागते. म्हणून रेंजफाइंडरची लेन्स करणाऱ्याला काचेइतकेच पितळही कळावे लागते. १९५४ मध्ये लायका एम-३ बरोबर आट्यांची जागा संगिनी खोबणीने घेतली तेव्हा बैठकीचे अंतर मुद्दाम नेमके एक मिलिमीटरने कमी ठेवण्यात आले, आणि त्यामुळे एक मिलिमीटर जाडीचे कडे चढविले की १९३५ची लेन्स आजच्या डिजिटल लायकावरही अंतरमापकासह चालते. अस्सल आणि प्रतिकृती एकाच कॅमेऱ्यावर एकामागून एक लावून ताडून पाहता येणे ही सोय या शौकाला एवढ्या दीर्घ काळापर्यंत लाभली, तिचे श्रेय या दूरदृष्टीला आहे.

१९३२ सालीच ड्रेस्डेनच्या झाइस इकॉनने काँटॅक्स बाजारात आणला, आणि त्याच्यासाठी लुडविग बेर्टेले यांनी जी लेन्स रचली ती झोनार. तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण नकलांच्या इतिहासात तिच्याइतकी संतती क्वचितच दुसऱ्या लेन्सची असेल. त्या काळी भिंगांवर परावर्तनरोधक लेप देण्याची विद्या प्रचारात नव्हती, आणि काच व हवा यांच्या प्रत्येक सीमेवर चारपाच टक्के प्रकाश परतून लेन्सच्या आत भटकत असे. भिंगे जितकी सुटी, तितकी चित्रावर पांढुरकी झाक अधिक. बेर्टेले यांनी सात भिंगे तीन पुंजक्यांत चिकटवून हवेच्या सीमा अवघ्या सहावर आणल्या आणि तरीही एफ १.५ इतके मोठे छिद्र साधले. या मितव्ययाची किंमत म्हणून थोडे गोलीय विपथन उरले. भिंगाच्या कडेने आलेले किरण आणि मध्यातून आलेले किरण एकाच बिंदूत मिळत नाहीत; म्हणून पूर्ण उघडलेल्या झोनारची रेषा सौम्य, तिच्या मागची पार्श्वभूमी मऊ, आणि छिद्र लहान केले की फोकस किंचित सरकतो. त्या काळी हे वैगुण्य मानले गेले. आज झोनारच्या नावावर जे काही विकले जाते, ते बहुतांशी याच वैगुण्यासाठी.

महायुद्धानंतर युद्धभरपाईच्या हुकुमाने काँटॅक्सची यंत्रे, साचे आणि तयार सुटे भाग सोव्हिएत संघात रवाना झाले, आणि कीव्ह येथील आर्सेनल कारखान्यातून १९४७ पासून काँटॅक्सचाच पुनर्जन्म असा कीव्ह कॅमेरा निघू लागला. सोव्हिएत देशात नकलेची परंपरा त्याआधीचीच होती: खारकोव्ह येथे अंतोन माकारेंको यांनी चालविलेल्या अनाथ मुलांच्या वसाहतीतून १९३४ पासून फेड नावाचा लायकासारखाच कॅमेरा निघत असे. झोनारची सोव्हिएत आवृत्ती प्रथम जर्मन काच वापरून झाली. ती काच संपत आली तेव्हा देशी काचेचा वक्रीभवनांक वेगळा म्हणून सारे गणित पुन्हा मांडावे लागले, आणि त्यातून ज्युपिटर-३ ही लेन्स सिद्ध झाली. येथे मला या कुळकथेचे मर्म दिसते. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या नकलेच्या आत वक्रता नवी, जाडी नवी, भिंगांमधील अंतरे नवी. जुन्या प्रश्नाचे ते नव्या काचेत काढलेले उत्तर होते. या उत्तरात एक उणीव मात्र पुष्कळदा राहिली. ज्युपिटरची चाल काँटॅक्सच्या ५२.४ मिलिमीटरच्या मानावर आखलेली आणि आट्यांची बैठक लायकाच्या ५१.६च्या मानाची, म्हणून जर्मन वा जपानी कॅमेऱ्यावर जवळच्या विषयाचा फोकस चुकतो. तो सुधारण्यासाठी भिंगांच्या नळीखालची पातळ चकती अंशमात्र कमीजास्त करण्याचा जो खटाटोप जगभरचे शौकीन आजही करतात, तो या दोन मानांमधील एक मिलिमीटरहूनही कमी अशा तफावतीचा परिणाम आहे.

जपानची हकिकत सर्वज्ञात आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. जर्मनांचे पेटंटहक्क युद्धानंतर जप्त झाल्याने त्यांच्या रचना सर्वांना मोकळ्या झाल्या. निप्पॉन कोगाकूने झोनारच्या धर्तीवर निक्कोर लेन्स केल्या, आणि १९५० साली ‘लाइफ’ नियतकालिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी तोक्योत ८५ मिलिमीटरची निक्कोर पाहून ती कोरियाच्या युद्धभूमीवर नेल्यावर पाश्चात्त्य जगाला कळले की शिष्याने गुरूला गाठले आहे. ही सारी नक्कल गरजेपोटी होती, बाजारपेठेसाठी होती, आणि तिच्यात दोष जतन करण्याचा विचारही नव्हता.

गरजेची नक्कल आदराची नक्कल कशी झाली, हे पाहावयाचे तर १९६०नंतरची तीन दशके ओलांडून पुन्हा जपानातच यावे लागते. रिफ्लेक्स कॅमेऱ्यांपुढे रेंजफाइंडर मागे पडले होते, तरी १९९०च्या दशकात तेथील कंपन्या जुन्या ३९ मिलिमीटर आट्यांत थोड्या थोड्या संख्येने लेन्स काढू लागल्या: कोनिका, रिको, मिनोल्टा यांनी आपल्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांच्या लेन्स वेगळ्या करून पितळी नळ्यांत बसविल्या, आणि कोनिकाची ६० मिलिमीटर एफ १.२ हेक्सानॉन १९९९ मध्ये अवघ्या ८०० नगांची निघाली. मग निप्पॉन कोगाकूने, म्हणजेच आजच्या निकॉनने, आपला जुना एस-३ कॅमेरा सन २००० मध्ये आणि एसपी २००५ मध्ये पुन्हा घडविला. या दुसऱ्याबरोबर १९५६ची ३५ मिलिमीटर एफ १.८ निक्कोर पुनश्च अवतरली, आणि आवृत्ती २५०० नगांवर थांबविली गेली. कोसिनाने फोग्टलेंडर या नावाखाली १९०० सालच्या हेलियार रचनेला असाच उजाळा दिला. संख्येचे बंधन हे येथे केवळ भाव चढविण्याचे साधन होते असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. असल्या लेन्सला गिऱ्हाईक मोजकेच, आणि तिच्यासाठी साचे व हत्यारे नव्याने करावी लागतात. किती नग काढावयाचे हे आधी ठरविल्याशिवाय हिशेब जुळतच नाही.

दोषाच्या जतनाचे सर्वांत निखळ उदाहरण मात्र वेट्झलारचेच आहे. माक्स बेरेक यांनी १९३५ मध्ये थांबार नावाची ९० मिलिमीटर एफ २.२ लेन्स केली. व्यक्तिचित्रांसाठी तिच्यात गोलीय विपथन बुद्ध्याच शिल्लक ठेवले होते. छिद्र पूर्ण उघडले असता डोळ्यांची रेषा स्पष्ट राहते आणि तिच्याभोवती प्रकाशाचे वलय पसरते. छिद्र जसजसे लहान करावे तसतसे कडेचे किरण वर्ज्य होऊन वलय विरत जाते आणि लेन्स इतर लेन्ससारखी रेखीव होते. वलय आणखी गडद हवे असेल त्याच्यासाठी मध्यभागी अपारदर्शक ठिपका असलेले फिल्टर दिलेले असे. ते मधले, शिस्तीचे किरण अडवून कडेच्या किरणांनाच वाव देते. ठिपका असताना आणि नसताना छिद्राचे मान वेगळे पडते, म्हणून नळीवर आकड्यांच्या दोन माळा कोरलेल्या होत्या. अशा सुमारे तीन हजारच लेन्स झाल्या. लायकाने २०१७ साली बेरेक यांची तीच भिंगरचना, तो ठिपका आणि त्या दोन्ही माळा यांसह थांबार पुन्हा काढली. चित्र मऊ करणे आज संगणकावर कोणालाही जमते. परंतु थांबारचे वलय प्रकाशाच्या तीव्रतेप्रमाणे बदलते, केसांवर पडलेल्या उन्हाभोवती फुलते आणि सावलीत मावळते. ते नंतर चढविता येत नाही, असे माझे मत आहे.

आठ भिंगांच्या ३५ मिलिमीटर एफ २ सुमिक्रॉनची गोष्ट वेगळ्या धाटणीची आहे. १९५८ पासून १९६९ पर्यंत ती निघाली, कॅनडातील मिडलंड येथील लाइट्झच्या कारखान्यातही होऊ लागली, आणि तिच्या जागी सहा भिंगांची आवृत्ती आल्यावर जुनीचे मोल चढत गेले. २०२०च्या सुमारास लाइट लेन्स लॅब या चिनी संस्थेने तिची प्रतिकृती काढली, तेव्हा आकार, वजन आणि अनंतावर अडकणारी कळ यांचा निकाल लवकर लागला असेल. खरा प्रश्न काचेचा होता. जुन्या काचांपैकी कित्येकींत शिसे व आर्सेनिक होते, काहींत किरणोत्सर्गी थोरियम, आणि पर्यावरणाच्या नियमांमुळे त्यांतल्या पुष्कळशा आता वितळवल्या जात नाहीत. म्हणून मूळच्या वक्रीभवनांकाशी जुळणाऱ्या काचा शोधाव्या लागतात, आणि जेथे त्या जुळत नाहीत तेथे गणित बदलावे लागते. म्हणजे ज्युपिटर करणाऱ्यांनी जे केले तेच. फरक एवढाच की त्यांना झोनारची तीक्ष्णता गाठावयाची होती, यांना सुमिक्रॉनची मृदुता गाठावयाची आहे. आधुनिक बहुपदरी लेप हेतुपुरस्सर टाळून पातळ एकपदरी लेप देणे, हेही याच निष्ठेचे अंग आहे.

कारागिरीच्या दृष्टीने मला सर्वांत विलोभनीय वाटते ती १९६६ची ५० मिलिमीटर एफ १.२ नॉक्टिलक्स. तिची दोन अगोलीय पृष्ठे विशेष यंत्रावर हाताच्या कसबाने घासली जात, आणि बिघडलेला माल इतका निघे की १९७५ पर्यंत दोन हजारांहूनही कमी नग झाले. पुढच्याच वर्षी वॉल्टर मँडलर यांच्या एफ १.० नॉक्टिलक्सने उच्च वक्रीभवनांकाची काच वापरून अगोलीय पृष्ठांशिवायच काम भागविले. २०२१ मध्ये लायकाने आणि त्यानंतर चिनी कारागिरांनी जुन्या नॉक्टिलक्सला पुन्हा जन्म दिला. जे पृष्ठ एके काळी एका निष्णात हाताला मोठ्या प्रयासाने साधे, ते आज यंत्र घटकेत घासते.

संग्राहकाने प्रतिकृती आणि बनावट माल यांत भेद करावा, हे येथे बजावून सांगणे मी अगत्याचे समजतो. फेडच्या लेन्सवर एल्मार हे लाइट्झच्या लेन्सचे नाव कोरून, कॅमेऱ्यावर खोटे शिक्के उठवून ते जर्मन म्हणून विकण्याचा धंदा फार वर्षे चालला, आणि अजून थांबलेला नाही. ती फसवणूक आहे. खरी प्रतिकृती आपल्या कर्त्याचे नाव आणि आपला अनुक्रमांक उघडपणे मिरवते. तशी लेन्स हाती आल्यावर तिची पेटी, चामडी पिशवी आणि दाखला जपून ठेवावाच. पण आधी छिद्र पूर्ण उघडून एक मीटरवरच्या वस्तूचा, मग चार मीटरवरच्या वस्तूचा फोकस अंतरमापकाने घेऊन पाहावा, पुन्हा छिद्र दोन-तीन पायऱ्या लहान करून तो सरकतो का ते नोंदवावे, आणि रात्री रस्त्यावरच्या दिव्यांचे चित्र काढून चौकटीच्या कोपऱ्यांत त्यांचे आकार कसे ओढले जातात ते पाहावे. रचनाकाराचा हात या तीन ठिकाणी जितका उघड होतो तितका नळीच्या कोरीव कामात होत नाही.

अलीकडे हा प्रवाह आणखी मागे सरकला आहे. इंग्लंडातील लेस्टर येथे टेलर, टेलर अँड हॉब्सन या संस्थेत होरेस ली यांनी १९२० साली जुन्या सममित दुहेरी गाउस रचनेची सममिती मोडून एफ २ची लेन्स केली; तिच्यातून चित्रपटांसाठी स्पीड पँक्रो घराणे निघाले, आणि पुढील काळातील बहुतेक तेजस्वी ५० मिलिमीटर लेन्स, सुमिक्रॉनसुद्धा, त्याच विचाराच्या वारसदार आहेत. लाइट लेन्स लॅबने आता ती स्पीड पँक्रोदेखील लायकाच्या बैठकीत उतरविली आहे. चित्रपटाच्या अवजड कॅमेऱ्यासाठी केलेल्या त्या लेन्सला अंतरमापकाची कड कधीच नव्हती. तिच्यासाठी ती नव्याने घासावी लागली.