माही गोठ सांगजो

गाडगेबाबांचे एक कीर्तन ध्वनिमुद्रित होऊन राहिले, हे आपणां वऱ्हाडकरांचे भाग्यच. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या बाबांनी ते १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्यास केले आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला वलगावनजीक पेढी नदीपाशी देह ठेवला. त्यात बाबा एकटे बोलत नाहीत. ते विचारतात, सभा उत्तर देते. श्रोता कीर्तनाचा अर्धा वाटेकरी होतो.

हे आठवण्याचे निमित्त मात्र विचित्र आहे. अकोल्याचा उन्हाळा वाचकांना ठाऊकच असेल. अशाच एका दुपारी अमरावतीहून आलेल्या नातवाने मला अमेरिकेतले 'हिप-हॉप' ऐकवले. "आबाजी, याले निस्ती गानी म्हनू नोका. हे गोठ हाये, पह्यल्यापासून आयका." शब्द फार पळतात, म्हणून त्याने ते लिहिलेलेही समोर ठेवले.

या संगीताचा आरंभ ११ ऑगस्ट १९७३ चा मानतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका घरगुती समारंभात कूल हर्क नावाच्या तरुणाने दोन तबकड्या आलटून पालटून वाजवीत नुसत्या तालाचा तुकडा लांबवला. त्या तालावर बोलणे आले, आणि बोलण्याला श्रोत्यांची साद आली.

नातवाने ऐकवलेला संच केंड्रिक लमार याचा. नाव 'गुड किड, मॅड सिटी', साल २०१२. मुखपृष्ठावर त्याला चक्क 'लघुचित्रपट' म्हटले आहे. गाव कॉम्प्टन, लॉस एंजलिसच्या शेजारचे. आईची मोटार घेऊन एक पोरगा मैत्रिणीकडे निघतो. मधूनच टेलिफोनवर निरोप येतात: आईला तिची गाडी हवी असते, वडिलांना त्यांचे डॉमिनो! (हे बापलेक मला अगदी आपल्या आळीतले वाटले.) शिव्या पुष्कळ आहेत, फराळाच्या ताटाशी लावण्याजोगे हे नव्हे. पण पुढे टोळ्यांच्या वैरात एक सोबती गोळी लागून मरतो, आणि मग बारा मिनिटांचे एक गाणे येते. त्यात मृताचा भाऊ बोलतो. मी गेलो तर माझीही कथा सांग, एवढेच त्याचे मागणे. तो बोलत असतानाच बंदुकीचा आवाज होतो आणि वाक्य अर्धेच राहते.

मी चकित झालो तो येथे. यशस्वी कवी स्वतः बाजूला सरतो आणि आपल्या ठेक्यावर दुसऱ्याला बोलू देतो! बाबांच्या कीर्तनात सारी सभा एका सुरात बोले. येथे प्रत्येक जण एकेकटा बोलतो, म्हणून अधिक जिव्हारी लागतो. लमारला पुढे २०१८ मध्ये दुसऱ्या एका संचासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. मला मात्र हाच संच मोठा वाटतो.

नातू आणि त्याचे मित्र आता वऱ्हाडीत असेच काही रचीत आहेत. त्यांच्यातल्या एकाचा बाप कपाशीच्या कर्जापायी गेला. त्याची हकिकत त्यात आहे. ते बोल म्हणणार कोण, असे मी विचारले.

"तोच म्हनन, आबाजी. आमी निस्ता ताल धरू."