सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणजे काय? हैदराबादेत शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी ते का लागतं?

राग आला की काय करायचं, मित्राशी बिनसलं तर पुन्हा बोलणं कसं सुरू करायचं, जमत नसेल तर कुणाला सांगायचं, हे वर्गात सरावाने शिकवणं म्हणजे सामाजिक-भावनिक शिक्षण. अमेरिकेत १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅसल’ या संस्थेने त्याचे पाच भाग केले आहेत: स्वतःला ओळखणं, स्वतःला सावरणं, दुसऱ्याची जाणीव ठेवणं, नाती जपणं आणि जबाबदारीने निर्णय घेणं. दिल्ली सरकारने २ जुलै २०१८ रोजी नर्सरी ते आठवीसाठी ‘हॅपिनेस करिक्युलम’ सुरू केला. त्यासाठी वेगळी तासिका होती, लेखी परीक्षा नव्हती. महाराष्ट्रात पुढे ‘आनंददायी शनिवार’ आला.

हैदराबादेत मात्र हा विषय निव्वळ आनंदाचा नाही. १८ एप्रिल २०१९ रोजी तेलंगणात इंटरचा, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीचा, निकाल लागला. तीन लाखांहून जास्त मुलं नापास झाली, निकालात चुका निघाल्या आणि पुढच्या काही दिवसांत वीसेक विद्यार्थ्यांनी जीव दिला. सरकारने नापासांच्या उत्तरपत्रिकांची फुकट फेरतपासणी करायला लावली. पण नापास झाल्याचं घरी कसं सांगायचं, हे त्या मुलांना कुठल्या तासाला शिकवलं होतं?

नांदेड, देगलूर, उदगीरकडून शिकायला गेलेल्या पोरांची अडचण दुहेरी. घरी मराठी, रस्त्यावर दखनी, वर्गात इंग्रजी, आणि २०१८ च्या कायद्याने शाळेत तेलुगू सक्तीची. भावनेला नाव देणं ही या शिक्षणाची पहिली पायरी. इंग्रजीत ‘सॅड’ म्हटलं की विषय संपतो. मराठीत मूल रुसतं, हिरमुसतं, ओशाळतं, धसका घेतं. यातलं प्रत्येक वेगळं, आणि प्रत्येकाला समजवायची तऱ्हाही वेगळी. बाईंना मराठी येत नसली तरी चालतं. मुलाला त्याच्या भाषेत शब्द शोधू द्यायचा आणि मग त्याचा अर्थ विचारायचा, एवढं कुठल्याही वर्गात जमण्यासारखं आहे. घरच्यांनीही ‘किती मार्क पडले?’च्या आधी ‘आज कसं गेलं?’ विचारायला पैसे पडत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी, विशाखापट्टणममधील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे निर्देश दिले. प्रवेश घेतानाच पालकांनी त्याबद्दल विचारावं. तातडीची मदत लागली तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे.