आज वार कोणता? स्मृती तपासणीच्या प्रश्नांचा इतिहास

"डॉक्टर, आईला शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. तिला एकदाही जमलं नाही. डिमेन्शिया झालाय का?"

मुलाने मोबाईलवर शोधून घरीच आईची मेमरी टेस्ट घेतली होती. आजी शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या. हे प्रश्न आले कुठून आणि ते नेमके काय मोजतात, हे आज पाहू.

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर तिच्याजवळ बसून साधे प्रश्न विचारत आणि उत्तरे लिहून ठेवत. नवऱ्याचे नाव विचारले, तर तिने स्वतःचेच सांगितले. पेन्सिल, किल्ली अशा वस्तू तिने ओळखल्या, पण थोड्या वेळाने काय दाखवले होते ते आठवेना. १९०६ मध्ये ती वारली. अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्यात दिसलेले बदल त्याच वर्षी मांडले. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराला 'अल्झायमर' हे नाव दिले.

पण अशा प्रश्नांचे गुण आणि मेंदूतील बिघाड यांचा संबंध आहे का? १९६८ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ब्लेसेड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी हे तपासले. वृद्धांची चाचणी घेतली आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूतील प्लाक, म्हणजे प्रथिनांचे साचलेले ठिपके, मोजले. ज्यांचे गुण कमी, त्यांच्यात ठिपके साधारणपणे जास्त आढळले.

१९७५ मध्ये अमेरिकेत फोलस्टाइन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी 'मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन' ही ३० गुणांची छोटी चाचणी तयार केली. तारीख, ठिकाण, तीन शब्द लक्षात ठेवणे, सात-सात वजा करणे, लिहिलेली सूचना वाचून तसे करणे, एक वाक्य लिहिणे, आकृती काढणे. काही मिनिटांत होणारी ही चाचणी जगभर पसरली.

अडचण लक्षात आली ना? वाचता-लिहिता न येणाऱ्या माणसाचे गुण इथे आजार नसतानाही कापले जातात.

यावरचे एक चांगले उत्तर आपल्याच देशातून आले. हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांमध्ये डॉ. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी निरक्षर वृद्धांसाठी या चाचणीचे हिंदी रूप तयार केले. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. "डोळे मिटा" हे वाचायचे नाही, तर तपासणारा करतो तसे करून दाखवायचे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचे. लक्ष, आकलन, भाषा यांची तपासणी झाली, पण शाळेची परीक्षा टळली.

मीही आजींना असेच प्रश्न विचारले. वार त्यांनी न चुकता उलटे म्हटले, घराबद्दल भरभरून बोलल्या. पण पाच मिनिटांपूर्वी सांगितलेल्या तीन शब्दांपैकी एकही आठवला नाही. शिवाय वर्षभरात रोजचा स्वयंपाक चुकू लागला होता. म्हणजे मुलाची शंका रास्त होती, त्याने निवडलेला प्रश्न चुकीचा होता.

उलटही घडते. खूप शिकलेली व्यक्ती सुरुवातीच्या काळात चांगले गुण मिळवते आणि घरचे निर्धास्त राहतात. म्हणून लक्षात ठेवा: गुण म्हणजे निदान नव्हे. माणूस पूर्वी कसा होता आणि आता काय बदलले, हे घरच्यांनी सांगणे तितकेच मोलाचे आहे. ऐकू कमी येणे, नैराश्य, थायरॉईडचे विकार, बी-१२ ची कमतरता, काही औषधे यांमुळेही विसरभोळेपणा दिसू शकतो आणि यांतील बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.

तेव्हा घरी आई-वडिलांची परीक्षा घेऊ नका. बदल दिसला, तर त्यांना डॉक्टरांकडे घेऊन या आणि तुम्हीही सोबत या.