सोन्याच्या टाक्याचं कूळ

इंग्लंडमधल्या डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये १८२७ साली संत कथबर्टची कबर उघडली, तेव्हा बिशपनं विधीच्या वेळी गळ्याभोवती घ्यायचा एक लांब, अरुंद पट्टा हाती आला. रेशमावर सोन्याचं भरतकाम. त्याच्या टोकांवर टाक्यांतच मजकूर भरलाय: एल्फ्लेडनं हा करवून घेतला, फ्रिथस्टन बिशपसाठी. एल्फ्लेड ही थोरल्या एडवर्ड राजाची राणी. फ्रिथस्टन ९०९ मध्ये विंचेस्टरचा बिशप झाला.

या कलेची मुळं मात्र आणखी खोल जातात. केंटमधल्या सहाव्या शतकातल्या श्रीमंत अँग्लो-सॅक्सन स्त्रियांच्या कबरींत कपाळपट्टीत विणलेल्या सोन्याच्या चपट्या तारा मिळतात. काहींच्या शेजारी तलवारीच्या आकाराचं लोखंडी अवजारही ठेवलेलं असतं. मागावर आडवा धागा ठोकून बसवायचं ते साधन. घरातल्या कापडावर हुकमत कुणाची, हे त्या कबरी स्पष्ट सांगतात. पुढे हे काम मठांत शिरलं, इतकं की ७४७ च्या क्लोव्हशो धर्मसभेला नन मंडळींना बजावावं लागलं की भरजरी कपड्यांपेक्षा वाचनात आणि स्तोत्रांत वेळ घाला.

डरहॅमच्या पट्ट्यातला धागा म्हणजे आपली कलाबतूच: रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली सोन्याची बारीक पट्टी. ती कापडातून आरपार ओढत नाहीत. वरच्या वर मांडून बारीक रेशमी टाक्यांनी टाचतात, म्हणजे सोनं तुटत नाही आणि मागच्या बाजूला वायाही जात नाही.

पट्ट्यावर नाव आहे ते करवून घेणारीचं. टाचणाऱ्या बोटांचं नाही, आणि ते मला खुपतं. दहाव्या शतकातल्या विनफ्लेड नावाच्या बाईच्या मृत्युपत्रात जमिनी आणि कपड्यांबरोबर एक विणकरीण आणि एक शिवणकाम करणारी यांचंही वाटप आहे. मृत्युपत्र करण्याइतकी मालमत्ता आणि अधिकार एका बाईकडे होता; दुसऱ्या दोघी स्वतःच त्या मालमत्तेत मोडत होत्या.

१०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडमधल्या जमिनींच्या शाही नोंदवहीत, मात्र दोन कारागिरणी नावानिशी भेटतात. बकिंगहॅमशरमध्ये एल्फगिथला शेरीफ गॉड्रिकनं अर्धा हाइड (जमिनीचं तेव्हाचं माप) जमीन दिली होती. बदल्यात त्याच्या मुलीला तिनं सोन्याचं भरतकाम शिकवायचं. विल्टशरमधली लिओफगिथ राजा-राणीसाठी सोनेरी किनारी करत होती. नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर बहुतेक इंग्रज जमीनदारांच्या जमिनी गेल्या. पूर्वी नवऱ्याकडे असलेली जमीन मात्र तिच्याकडे राहिली.