समवर्ती संगणनाचा अर्थविचार : फलन, प्रक्रिया आणि पेट्रीचे जाळे

प्रोग्रॅमचा अर्थ म्हणजे काय, या प्रश्नाला ऑक्सफर्ड येथे डेना स्कॉट व ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी १९७० च्या सुमारास गणिती उत्तर दिले. प्रोग्रॅम म्हणजे आरंभीच्या अवस्थेपासून अंतिम अवस्थेकडे नेणारे फलन, असे त्या उत्तराचे सार होते. प्रोग्रॅम एकटा चालतो तोवर ते समाधानकारक ठरते. ‘क्ष मध्ये २ मिळवा’ आणि ‘क्ष मध्ये १ मिळवा, पुन्हा १ मिळवा’ यांचे फलन एकच आहे. परंतु सोबत ‘क्ष दुप्पट करा’ हा प्रोग्रॅम चालू असेल व प्रत्येक आज्ञा अखंड मानली, तर क्ष शून्य असताना पहिल्यातून २ किंवा ४ मिळतात, दुसऱ्यातून ३ सुद्धा मिळू शकतात. फलन एकच असूनही वर्तन निराळे. म्हणजेच अर्थाची कल्पनाच बदलणे भाग होते.

हा बदल एडिंबरोच्या रॉबिन मिल्नर यांनी १९८० च्या ग्रंथात घडवला. त्यांनी फलनाऐवजी परस्परसंवाद करणारी प्रक्रिया हा मूळ घटक मानला. दोन प्रक्रिया समान केव्हा म्हणाव्यात, याचा काटेकोर निकष डेव्हिड पार्क यांनी १९८१ मध्ये दिला : एकीच्या प्रत्येक पावलाला दुसरीने तसेच पाऊल टाकून उत्तर द्यावे, आणि पुढेही हे साम्य टिकावे.

हा इतिहास बहुधा येथूनच सांगितला जातो. प्रस्तुत लेखकास ते अपुरे वाटते. कार्ल आडाम पेट्री यांचा डार्मश्टाट येथील प्रबंध १९६२ चा, म्हणजे मिल्नर यांच्या ग्रंथाच्या अठरा वर्षे आधीचा. पेट्री यांची भूमिका भौतिकशास्त्राशी जोडलेली होती. संदेशाच्या वेगाला मर्यादा असेल, तर साऱ्या यंत्रणेचे एकच घड्याळ आणि एकच सामायिक अवस्था गृहीत धरता येत नाही. त्यांच्या जाळ्यात परस्परांशी संबंध नसलेल्या घटनांना क्रमच नसतो. मिल्नर यांच्या मांडणीत मात्र ‘क आणि ख एकत्र’ याचा अर्थ ‘क नंतर ख, अथवा ख नंतर क’ एवढाच उरतो.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. दहा स्वतंत्र घटनांचे संभाव्य क्रम ३६,२८,८०० होतात; जाळ्यात त्या दहाच घटना राहतात. प्रोग्रॅमची यांत्रिक तपासणी करताना हीच संख्या आड येते, आणि १९९० च्या दशकात स्वतंत्र घटनांचे अनावश्यक क्रम वगळणाऱ्या पद्धती विकसित झाल्या त्या याच अडचणीतून. तत्पूर्वी, १९८१ मध्ये, नीलसन, प्लॉटकिन व विन्स्केल यांनी ‘घटना-संरचना’ मांडून पेट्री यांची जाळी आणि स्कॉट यांचे गणित यांना जोडणारा दुवा उपलब्ध करून दिला होता.