वायू-अग्निशमन योजना (बंदिस्त जागेतील)

आगीइतकीच हानी जेथे पाण्याने होण्याचा संभव असतो, अशा संगणककक्ष, विद्युत्‌-कक्ष, दप्तरखाना इत्यादी बंदिस्त जागांत अग्निशामक वायू सोडून ज्वलन थांबविण्याची जी तजवीज करतात, ती वायू-अग्निशमन योजना होय. सिलिंडर बसविले म्हणजे बंदोबस्त पुरा झाला, अशी समजूत सर्रास आढळते. वस्तुतः या योजनेचे प्रधान अंग ती खोलीच असते, कारण जिच्यात वायू टिकत नाही अशा खोलीत उत्तमोत्तम सामग्रीही निरुपयोगी ठरते.

नायट्रोजन, आर्गॉन व त्यांची मिश्रणे हवेतील प्राणवायूचे प्रमाण घटवितात, तर एचएफसी-२२७ईए हे संयुग मुख्यतः ज्वालेतील उष्णता शोषून घेते. पूर्वी सर्वमान्य असलेला हॅलॉन १३०१ ओझोनच्या थराला घातक ठरल्यामुळे माँट्रिऑल करारान्वये त्याचे उत्पादन विकसित देशांत १९९४ च्या आरंभापासून बंद झाले.

वायूचे परिमाण ठरविताना फॉल्स सीलिंगच्या वरची आणि उचललेल्या फरशीखालची पोकळी, ती संरक्षित जागेचा भाग असल्यास, हिशेबात धरावीच लागते. १०० घनमीटरांच्या खोलीत २० अंश सेल्सिअस तापमानास ७ टक्के प्रमाण साधण्यासाठी एचएफसी-२२७ईए सुमारे ५५ किलोग्रॅम लागतो. ज्वालेच्या संपर्काने त्यापासून विषारी हायड्रोजन फ्लोराइड निर्माण होत असल्याने तो १० सेकंदांच्या आत सोडावा लागतो. त्याच खोलीत निष्क्रिय वायूचे प्रमाण ३८ टक्के ठेवावयाचे तर सुमारे ४८ घनमीटर वायू सोडावा लागतो व प्राणवायू २१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांपर्यंत उतरतो. एवढा वायू एकदम आत शिरल्याने भिंतींवर येणारा दाब बाहेर जाण्यास झडप ठेवली नाही, तर खुद्द बांधकामासच धोका पोहोचतो.

खोलीची परीक्षा दाराच्या चौकटीत पंखा बसवून व आतील दाब मोजून घेतात. त्या वेळी केबली जेथून भिंतीत शिरतात तेथील फटींजवळ धूर सोडल्यास त्याची बारीक रेघ फटींतून ओढली जाताना दिसते, आणि वायू कोठून निसटणार ते तत्काळ कळते. बहुतेक ठिकाणी वायू किमान १० मिनिटे टिकावा अशी अपेक्षा असते. दप्तरखान्यात मात्र एवढ्याने भागत नाही. कागदाच्या घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यात आग आतल्या आत धुमसत राहते, म्हणून तेथे कार्बन डायऑक्साइड ६५ टक्क्यांपर्यंत भरून दीर्घकाळ टिकवावा लागतो.

परंतु हाच वायू माणसाच्या जिवावर उठणारा आहे. आग विझविण्यास त्याचे किमान ३४ टक्के प्रमाण लागते, आणि त्याच्या निम्म्या प्रमाणातही मृत्यू ओढवतो. सबब माणसांचा नित्य वावर असलेल्या जागी तो योजू नये. अन्यत्र योजल्यास आधी भोंगा वाजून बाहेर पडण्यास पुरेसा अवधी मिळावा, आणि आत कारागीर काम करीत असता मुख्य झडप कुलूपबंद ठेवावी. यात कोणतीही सवलत क्षम्य नाही.

धूरशोधकांची दोन स्वतंत्र मंडले ठेवून दोहोंनी इशारा दिल्यावरच वायू सुटावा, व तत्पूर्वी वातानुकूलन बंद होऊन दारे आपोआप मिटावीत, अशी रचना करतात. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरांचे वजन नियमाने घ्यावे लागते, आणि त्यातील वायू दहा टक्क्यांहून अधिक घटलेला आढळल्यास तो पुन्हा भरून घेतात.