झुडपाभोवतीचा उजाड पट्टा

१/ एक वनस्पती दुसरीला वाढू देत नाही, ही समजूत फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने अक्रोडाची सावली घातक असल्याचे लिहिले. १९३७ साली ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी वनस्पतींच्या परस्परांवरील रासायनिक परिणामाला ‘अ‍ॅलिलोपॅथी’ असे नाव दिले. पण प्रयोगशाळेत दिसणारा परिणाम रानातही घडतो, हे ठरवायचे कसे? या प्रश्नावरचा एक गाजलेला वाद कॅलिफोर्नियात झाला.

२/ तेथील सांता इनेस खोऱ्यात दोन सुगंधी झुडपे गवताळ रानाला लागून वाढतात. त्यांपैकी पर्पल सेज हे तुळशीच्या कुळातले, तर दुसरे आपल्या दवण्याचे सगोत्र. या झुडपांच्या कडेने एक-दोन मीटर रुंदीचा पट्टा जवळजवळ उजाड असे. त्यापलीकडे खुरटे गवत आणि मग भरघोस गवत.

३/ १९६४ साली कॉर्नेलियस म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात याचे कारण मांडले. बंद भांड्यात या झुडपांची पाने ठेवली, की त्यांच्या नुसत्या वाफेने काकडीच्या अंकुरांची मुळे खुंटत. त्या वाफेत कापूर आणि सिनिओल ही द्रव्ये होती. ती कोरड्या मातीत साठतात आणि गवताचे अंकुर मारतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

४/ पुरावा डोळ्यांना दिसणारा होता आणि प्रयोग सुबक होता. त्यामुळे हे स्पष्टीकरण लवकरच सर्वमान्य होऊ लागले.

५/ १९७० साली ब्रूस बार्थोलोम्यू यांनी त्याच नियतकालिकात वेगळा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उजाड पट्ट्यातच तारेच्या जाळीचे पिंजरे बसवले. जाळीतून वाफ सहज आत जाई; उंदीर, ससे आणि पक्षी मात्र बाहेर राहत. पिंजऱ्यांच्या आत गवत उगवले, बाहेरची जमीन उघडीच राहिली.

६/ म्हणजे पट्ट्याचे मूळ झुडपातच होते, पण मुख्यतः विषात नव्हे, आसऱ्यात. शिकारी पक्ष्यांच्या भयाने लहान प्राणी झुडपापासून दूर जात नसत आणि जवळचे बी व कोंब फस्त करत.

७/ म्युलर यांचे प्रयोग खोटे ठरले नाहीत. वाफेने मुळे खुंटतात, हे खरेच होते. अपुरे होते ते भांड्यातून रानात मारलेले अनुमान. त्यानंतर प्राणी, पाणी, प्रकाश आणि पोषणद्रव्ये यांचा वाटा वेगळा केल्याशिवाय असा दावा स्वीकारणे अवघड झाले.

८/ महाराष्ट्रालाही हा धडा लागू पडतो. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले गाजरगवत पुढे देशभर पसरले. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य प्रयोगात इतर बियांची उगवण रोखते. परंतु हे गवत अमाप बी धरते आणि गुरे ते सहसा खात नाहीत. त्याच्या विजयात विषाचा वाटा किती, याचे उत्तर केवळ बशीतल्या बियांवरून मिळत नाही. ते शेतातच तपासावे लागते.